महापौर आणि नगराध्यक्ष: सत्ता नेमकी कुणाची?

महानगरपालिकेत महापौर, नगरपरिषदेत आणि नगरपंचायतीत नगराध्यक्ष. कारभार एकीकडे आयुक्तांच्या हाती, दुसरीकडे मुख्याधिकाऱ्यांच्या. हे सगळ्यांना पाठ आहे. घोळ होतो तो निकालाच्या दिवशी. 'नगराध्यक्ष अमुक पक्षाचा, म्हणजे नगरपरिषदेवर त्याचाच झेंडा', अशी बातमी दर वेळी छापून येते आणि ती दर वेळी अर्धवट असते.

महापौराची निवड नगरसेवक करतात. मुंबईत 227 नगरसेवक, बहुमताचा आकडा 114. तो जमवणाऱ्याचा महापौर होतो, आणि अडीच वर्षांनी पुन्हा निवड होते. त्यामुळे तिथे महापौराचा पक्ष सांगितला की सत्ता कुणाची तेही सांगून होतं.

नगरपरिषदेत तसं नाही. नगराध्यक्षाला मतदार थेट निवडतात. प्रभागात दोन जागा असतील तर मतदार तीन मतं देतो: दोन नगरसेवकांसाठी, एक नगराध्यक्षासाठी. नगरपंचायतीत प्रभाग एकसदस्यीय, म्हणून मतं दोन. हे दोन वेगवेगळे कौल आहेत आणि ते एकाच पक्षाकडे जातील असं काही नाही. थेट निवड 2016 मध्ये आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली. लोकांच्या डोक्यात जुनाच हिशेब राहिला तो यामुळे.

अंबरनाथ पाहा. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीत नगराध्यक्षपद भाजपने जिंकलं. नगरसेवक मात्र शिंदेंच्या शिवसेनेचे 27, भाजपचे 14, काँग्रेसचे 12, राष्ट्रवादीचे 4 आणि अपक्ष 2. भाजपने काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या नगरसेवकांना सोबत घेऊन आघाडी उभी केली. मग राष्ट्रवादीचे चौघे शिवसेनेकडे वळले आणि जानेवारी 2026 मध्ये सभागृहातल्या मतांवर ठरणारं उपनगराध्यक्षपद 32 विरुद्ध 28 मतांनी भाजपच्या हातून गेलं. नगराध्यक्ष जागच्या जागी, सभागृहातलं बहुमत दुसरीकडे! सभेचं अध्यक्षपद नगराध्यक्षाकडे असतं खरं, पण ठराव आणि अंदाजपत्रक मंजूर करायला हातच मोजावे लागतात.

म्हणून निकाल वाचताना नगराध्यक्षाच्या नावापाशी थांबू नका, पक्षनिहाय नगरसेवक मोजा. स्वीकृत नगरसेवक, म्हणजे मतदारांनी न निवडता नेमलेले, त्यात धरू नका, त्यांना मताचा अधिकार नसतो. त्यानंतर गटनोंदणी कशी झाली, म्हणजे कोणता नगरसेवक अधिकृतपणे कुणाच्या गटात नोंदला गेला, ते बघा. नगरपरिषदेचे गट जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवले जातात, महानगरपालिकेचे विभागीय आयुक्तांकडे. विषय समित्यांतल्या जागा याच संख्याबळावर वाटल्या जातात. ही नोंदणी होण्याआधी 'सत्तांतर' हा मथळा देऊच नये.