रूटलेस कंटेनर आणि ‘परमिशन डिनाइड’: आधी मालक तपासा

आम्ही पॉडमन या प्रोग्रॅमने बसवून दिलेले कंटेनर, म्हणजे ॲप वेगळं ठेवून चालवणारी बंदिस्त खोकी, रूटलेस आहेत: ते रूट या सर्वाधिकारी युजरखाली नव्हे, तर तुमच्या साध्या युजरखाली चालतात. कंटेनर फोडून कुणी बाहेर आलंच, तरी सर्व्हरचा रूट त्याच्या हाती लागत नाही. मात्र एकाच फाइलचा मालक आतून वेगळा आणि बाहेरून वेगळा दिसतो, आणि ‘परमिशन डिनाइड’च्या, म्हणजे परवानगी नाकारल्याच्या, बहुतेक तक्रारी तिथूनच येतात.

समजा तुमचा यूआयडी (युजरचा क्रमांक) १००० आहे आणि जादा आयडी नेमून देणाऱ्या सबयूआयडी फाइलमध्ये तुमच्या नावापुढे १००००० (पहिला जादा आयडी) व ६५५३६ (एकूण किती) हे आकडे आहेत. कंटेनरमधला रूट, म्हणजे ०, बाहेर तुम्हीच असता. आतला १ बाहेर १०००००, आतला २ बाहेर १००००१, असं पुढे ६५५३६ आयडींपर्यंत. ग्राफाना (आलेख दाखवणारं ॲप) आत ४७२ या युजरखाली चालतो, म्हणून त्याच्या फाइली बाहेर १००४७१ च्या नावावर दिसतात. हा अनोळखी आकडा म्हणजे घुसखोरी नव्हे.

गडबड पुढे होते. फोल्डर ‘आपल्या नावावर’ असावं म्हणून कुणीतरी सुडो (रूटचे अधिकार देणारी कमांड) लावून चाऊन (मालक बदलणारी कमांड) करतो. आतून ते फोल्डर आता रूटचं दिसतं. परवानगी ७५५ (लिहिणं फक्त मालकाला) असेल तर ४७२ ला त्यात लिहिता येत नाही आणि ग्राफाना सुरूच होत नाही. मग ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) दिलं जातं. कृपया ते करू नका. सर्व्हरवरच्या कुणालाही ते फोल्डर उघडं पडतं आणि मूळ गोंधळ तसाच राहतो.

योग्य उपाय एका ओळीचा आहे: सुडोऐवजी ‘पॉडमन अनशेअर’ (पुढची कमांड आतल्या आकड्यांनुसार चालवणारं) लिहून त्यापुढे चाऊन द्या, आणि मालक म्हणून आतला आकडा घाला, इथे ४७२. बाहेरचा आकडा पॉडमन स्वतः काढतो. आतून एखादी फाइल ‘नोबडी’ची, म्हणजे ६५५३४ ची दिसली, तर ती तुमच्या आयडींच्या बाहेरची आहे. तेवढ्यापुरता सुडो वापरून ती आधी स्वतःच्या नावावर करा, मग अनशेअर.

माउंटच्या, म्हणजे बाहेरचं फोल्डर कंटेनरला जोडणाऱ्या पर्यायाच्या, शेवटी कॅपिटल यू लावला की पॉडमन मालकी आपणहून बदलतो. सोयीचं आहे, पण अख्ख्या फोल्डरची मालकी बदलते; होम फोल्डरवर चुकूनही नको. स्वतः संपादित करायच्या कोडसाठी ‘कीप-आयडी’ हा पर्याय बरा, कारण त्यात आत-बाहेर तुमचा आकडा एकच राहतो.

मालकी बरोबर असूनही नकार येत असेल आणि सर्व्हरवर एसई-लिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा-व्यवस्था) चालू असेल, तर माउंटच्या शेवटी कॅपिटल झेड हवा. फोल्डर अनेक कंटेनरना लागत असेल तर स्मॉल झेड.

तरीही अडलंच तर ‘एलएस -एलएन’ (फाइलींचे मालक आकड्यांत दाखवणारी कमांड) एकदा साधं आणि एकदा ‘पॉडमन अनशेअर’ लावून चालवा आणि दोन्हींचं आउटपुट आम्हाला पाठवा.