कणार्बुदी स्तनशोथ

कणार्बुदी स्तनशोथ, म्हणजेच ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, हा स्तनाचा दीर्घकाळ रेंगाळणारा विकार असून तो कर्करोग नव्हे, मात्र हुबेहूब त्यासारखा दिसतो. केसलर आणि वोलॉक यांनी १९७२ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. मूल झालेल्या तरुण स्त्रियांत, बहुधा शेवटच्या बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत, तो आढळतो.

सहसा एकाच स्तनात टणक, वेड्यावाकड्या कडांची दुखरी गाठ येते, त्वचा लाल होते आणि कधी स्तनाग्र आत ओढले जाते. पुढे गळवे होऊन फुटतात व नाडीव्रण, म्हणजे आतून त्वचेपर्यंत उघडणारे पुवाचे मार्ग, महिनोन्‌महिने वाहत राहतात. काही रुग्णांच्या नडग्यांवर दुखऱ्या लाल गाठी उठतात, सांधेही धरतात. इंदूरच्या मराठी घरांत अशा वेळी ‘दूध साकळले’ म्हणून शेक आणि पोटीस सुरू होते. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या बाबतीत ही शंका रास्त आहे. पण मूल दोन-तीन वर्षांचे होऊन दूध केव्हाच तुटले असेल, तर शेकण्यात दिवस दवडू नयेत.

सोनोग्राफी व मॅमोग्राफीवरून कर्करोगापासून हा विकार खात्रीने वेगळा करता येत नाही, म्हणून जाड सुईने ऊतीचा तुकडा काढून तपासावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली दुग्धग्रंथींच्या खंडिकांभोवती कणार्बुदे, म्हणजे दाहाच्या पेशींचे छोटे पुंजके, दिसतात: एपिथेलिऑइड पेशी, बहुकेंद्रकी महापेशी, लसिकापेशी आणि मधूनमधून पुवाचे सूक्ष्म साठे. एका प्रकारात कणार्बुदाच्या मध्यभागी, विरघळलेल्या मेदाची रिकामी पोकळी असते, तिच्या कडेने न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दाटलेल्या असतात, आणि जंतू रंगवून दाखवणाऱ्या ग्रॅम रंजनाने त्या पोकळीत कोरिनेबॅक्टेरियम या जंतूचे मोजके दंडाणू सापडतात; ते सहज नजरेतून सुटतात.

आपल्याकडे खरा पेच क्षयाचा, कारण त्यातही कणार्बुदे होतात. क्षयाच्या कणार्बुदात सहसा पनीरासारखा मृतभाग असतो, येथे तो नसतो. तरीही क्षयाचे जंतू रंगवून दाखवणारे झील-नील्सन रंजन, जंतुसंवर्धन आणि जनुकीय चाचणी केल्याशिवाय क्षय नाकारू नये, तसेच केवळ कणार्बुद दिसले म्हणून क्षयाची औषधेही सुरू करू नयेत. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयासारख्या, वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या ठिकाणी काढलेला तुकडा विकृतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र या दोन्ही विभागांकडे जाणे म्हणूनच महत्त्वाचे.

सौम्य विकार अनेकदा आपोआप शमतो, पण त्याला वर्ष-दोन वर्षेही लागतात. अधिक त्रास असल्यास स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे मेथोट्रेक्सेट आणि जंतू आढळल्यास मेदात शिरणारे प्रतिजैविक देतात. गळवातील पू सुईने काढता येतो. मोठी शस्त्रक्रिया शक्यतो टाळतात, कारण जखम लवकर भरत नाही, स्तनाचा आकार बिघडतो आणि गाठ पुन्हा उद्भवू शकते.