भोंगा, बाजार आणि बायस्कोप

आमची आजी सिनेमाला शेवटपर्यंत बायस्कोपच म्हणायची. आणि तिच्या बोलण्यात हा बायस्कोप कधी एकटा यायचा नाही. "बायस्कोप बघितलो, चाटी गल्लीत खण घेतलो, अन् चालत घरला आलो." चाटी गल्ली म्हणजे सोलापूरची कापडपेठ. तिच्या लहानपणच्या सोलापुरात करमणूक आणि खरेदी ही एकच फेरी होती. ती तशी का होती, हे समजायचं तर आधी गिरणीकडे जावं लागतं.

1860 मध्ये सोलापूरला रेल्वे आली आणि आसपासचा कापूस मुंबईकडे जाऊ लागला. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी गिरणी, सुरू झाली. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. हातमागाचं गाव तर हे आधीपासूनच होतं. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पूर्व भागात वसले होते. आता गिरणीमुळे रोख मजुरी हातात पडणारा मोठा वर्ग गावात तयार झाला. शेतकऱ्याकडे पैसा सुगीला येतो, गिरणी कामगाराकडे तो पगाराच्या दिवशी येतो. बाजाराची सगळी चाल या फरकानं बदलली.

पैशाइतकाच मोलाचा होता वेळ. 1911 च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस 12 तासांवर आला. 1922 च्या कायद्यानं तो 11 तासांवर आला आणि आठवड्याची मर्यादा 60 तास झाली. आज हे आकडे वाचून अंगावर काटा येतो. पण भोंगा झाल्यावर उरलेली संध्याकाळ आणि आठवड्याची एक सुट्टी, एवढ्याच जागेत मूकपट शिरला. खेड्यापाड्यांतून बैलगाड्या येत त्या मंगळवारच्या बाजाराला. गिरणीवाल्यांची गर्दी सुट्टीची आणि पगाराची. गावाला अशा दोन भरत्या होत्या.

मूकपटाचा कापडाशी संबंध केवळ गिऱ्हाइकापुरता नाही. फिल्म झटक्याझटक्यानं पुढे सरकवायची युक्ती ल्युमिएर बंधूंना शिलाई मशीनवरून सुचली. त्यांची चित्रं 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. तो सुमारे 3,700 फुटांचा होता, वारात मोजला तर बाराशेच्या वर. चित्रपट तेव्हा फुटांवर मोजला जायचा आणि फुटांवरच जाहिरात व्हायची. वारावर व्यवहार करणाऱ्या आमच्या गावाला ही भाषा नवी वाटली नसणार.

मुंबई-पुण्याबाहेर मूकपट पोचला तो प्रामुख्यानं जत्रांमधून, तंबूतून. सोलापूरला अशी जत्रा घरचीच. संक्रांतीला सिद्धेश्वरांचा गड्डा भरतो. नंदीध्वजांची मिरवणूक निघते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदानावर होम होतो आणि मग कितीतरी दिवस पाळणे, खेळ आणि दुकानं. देवदर्शन, बांगड्या, भांडी आणि तमाशा एकाच फेरीत उरकायची सवय या गड्ड्यानं लावली. सिनेमा त्या सवयीत येऊन बसला, त्यानं ती निर्माण केली नाही.

त्या काळचा खेळ कसा असे? यंत्र हातानं फिरवायचं. उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा. कांड्या झिजतील तशा सरकवत राहायच्या. हजार फुटांचं रीळ पंधरा-सोळा मिनिटांत संपे, आणि यंत्र एकच असलं की दुसरं रीळ चढेपर्यंत अंधारात गलका. पडद्यापाशी पेटी आणि तबला. खालच्या वर्गाचं तिकीट दोन-चार आणे, आणि त्यात जमिनीवर बसायचं. बायकांची जागा वेगळी. खेळाची दवंडी बाजारातूनच फिरे: गाडीवर चित्रांचे फलक, पुढे ताशा, मागे हस्तपत्रकं झेलायला पोरांचा घोळका. 1923 मध्ये मुंबई इलाख्यात करमणूक कर लागला तो या तिकिटांवर. सरकारनं कर लावावा इतका हा धंदा दहा वर्षांत वाढला होता.

पण माझ्या मते सोलापुरात मूकपट रुजायचं खरं कारण भाषेचं आहे. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा इथे शेजारी शेजारी नांदतात. नाटक मराठीत असे. पूर्व भागातल्या नवख्या विणकराला ते परकं. मूकपटात प्रसंगांमध्ये पाट्या येत, कुणीतरी त्या मोठ्यानं वाची, शेजारचा त्या आपल्या भाषेत सांगे. आणि पाटी नाही कळली तरी कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण कळतोच. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' 1920 मध्ये आला. त्यातला कीचकवधही कुणाला समजावून सांगावा लागला नसेल. एडी पोलो या नटाच्या अमेरिकी मारामारीच्या चित्रमालिका देशभरच्या कामगारवस्तीत याच कारणानं चालल्या.

बाजाराची रीत याच्या अगदी उलट. पडद्यावर एकही भाषा बोलली जात नव्हती, चाटी गल्लीत चारही. गादीवर बैठक मारलेला दुकानदार खण झटक्यात उलगडतो, काठ उजेडाकडे धरतो, बाईशी कानडीत भाव करतो, गड्याला तेलुगूत हाक मारतो आणि हिशेब मराठीत लिहितो. मधला मारुती, सराफ कट्टा, पुढे नवी पेठ, सगळीकडे हेच.

मे 1930 मध्ये गावावर मार्शल लॉ आला, 12 जानेवारी 1931 ला स्वातंत्र्यलढ्यातले चार हुतात्मे फासावर गेले. त्याच वर्षी 14 मार्चला मुंबईत 'आलम आरा' बोलू लागला. 1932 मध्ये प्रभातचा मराठी 'अयोध्येचा राजा' आला, त्याच साली तेलुगू 'भक्त प्रह्लाद', आणि 1934 मध्ये कानडी 'सती सुलोचना', जो चित्रित झाला आमच्या शेजारच्या कोल्हापुरात. प्रत्येकाला आपल्या भाषेतलं चित्र मिळालं, याचा आनंद मोठाच होता. मात्र तिकीट काढण्याआधी "कुठल्या भाषेतला?" हे विचारणं आता आलं.

चाटी गल्लीत ते आजही विचारावं लागत नाही. गिऱ्हाईक पायरी चढतं, तेवढ्यात दुकानदार त्याच्या तोंडाकडे बघतो आणि पहिला शब्द कुठल्या भाषेत काढायचा ते ठरवतो.