जिरेटोप कशाला म्हणायचं आणि मंदिल कशाला

मंदिल बहुतेकांना माहीत असतो, जरीचं कापड डोक्याला बांधायचं, वर तुरा, मोत्यांची लड. फेटा, पागोटं, मंदिल यांच्यातले फरक कापडाचे नि बांधणीचे, त्यात आत्ता शिरत नाही. खरा घोळ होतो जिरेटोपाचा, आणि दर शिवजयंतीला तोच घोळ बघून माझा जीव तुटतो.

दुकानात आत पुठ्ठा, वर मखमल, कडेला सोनेरी लेस आणि बाजूला मोत्यांचा झुपका असलेली तयार टोपी मिळते, तिला सगळे जिरेटोप म्हणतात. हा आकार आपल्या डोळ्यात पक्का बसवला तो सिनेमांनी आणि नंतर सिरीयलींनी, तिथे महाराज दरबारात तोच घालतात, लढाईतही तोच. पण अहो, शब्द तरी बघा. फारसीत जिरह म्हणजे लोखंडी कड्यांचं विणलेलं चिलखत, आणि त्या जातीचा टोप तो जिरेटोप. वर लोखंडाची वाटी, बऱ्याच टोपांना नाकासमोर पट्टी, आणि कानांवर, मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी. एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली असते, त्यामुळे जाळी कापडासारखी वळते पण तलवारीची धार आत जाऊ देत नाही. मखमलीच्या टोपीत यातलं काय आहे सांगा. जाळी दिसली तर जिरेटोप, एवढी एकच खूण लक्षात ठेवा.

सतराव्या शतकाच्या शेवटची दख्खनी चित्रं ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यात महाराजांच्या डोक्यावर बांधलेलं पागोटंच आहे. आणि प्रतापगडाचा प्रसंग, १० नोव्हेंबर १६५९, सभासद बखरीत वाचा. डोईस मंदिल, अंगात जरीची कुडती, आणि अफझलखानाने कुशीत चालवलेली जमदाड, म्हणजे कट्यार, त्या कुडतीवर ‘खरखरली’. नुसत्या कापडावर हत्यार खरखरत नाही, आत लोखंड असणार. म्हणजे वरून भेटीला आलेल्या राजाचा पोशाख, आतून लढाईची तयारी. पडद्यावर एकच टोपी सगळीकडे घातली की ही हुशारी दिसतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. दरबारात मंदिल बांधा, रणात जाळीचा टोप द्या, एवढंच मागणं आहे.

गेल्या शिवजयंतीला भाच्यासाठी दुकानातली टोपी आणली नाही, आईच्या जुन्या जरीच्या साडीचा मंदिल बांधला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला.