शुगर, बीपी, हृदय किंवा गुडघ्याचा त्रास असताना बँड लावून वजन उतरवायचं असेल तर

आमच्याकडून फिटनेस बँड नेणाऱ्यांत हल्ली पन्नाशीपुढची मंडळी बरीच दिसतात. डॉक्टरांनी ‘वजन उतरवा’ म्हणून सांगितलेलं असतं आणि मुलानं किंवा सुनेनं बँड घेऊन दिलेला असतो. बँड उपयोगी आहे, नाहीतर आम्ही तो विकला नसता. पण तुम्ही रोज कोणती गोळी घेता हे त्याला कळत नाही, आणि सगळी गडबड तिथंच होते.

आधी पावलांचं बघू. बऱ्याच बँडमध्ये रोजची १०,००० पावलं आधीच भरून ठेवलेली असतात. हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच ‘दहा हजार पावलं’ होतं, तिथून तो सगळीकडे पसरला. दुकानदारीचा आकडा आहे, हे आम्ही दुकानदारच सांगतोय! पहिला आठवडा बँड नुसता घाला आणि नेहमीसारखे वागा. रोजची सरासरी ३,००० निघाली तर पुढच्या आठवड्यात ३,५०० करा. पहिल्याच दिवशी रंकाळ्याला पूर्ण फेरी मारायचा हट्ट नको. गाडीवरून खड्ड्यांतून गेलं तरी काही बँड पावलं धरतात, तेवढी सोडून द्या.

बीपीसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशी गोळी चालू असेल तर हे नीट वाचा. ही गोळी हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवते. बँड मात्र साधारणपणे २२० मधून वय वजा करतो आणि त्यावरून ‘फॅट बर्न’चा, म्हणजे चरबी जाळायला ठोके किती हवेत त्याचा, टप्पा ठरवतो. साठीच्या माणसाला तो १६० ही कमाल मर्यादा धरणार. गोळीमुळे तुमचे ठोके तिथवर चढत नाहीत, आणि आकडा गाठायच्या नादात माणूस झेपत नसताना पळत सुटतो. त्यापेक्षा सोबत्याशी बोलत चाला. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. छातीत दाटलं, जबड्यात किंवा हातात कळ आली, दरदरून घाम फुटला, तर बँडकडे बघत बसू नका. बसून घ्या आणि १०८ ला फोन लावा.

शुगरवाल्यांना धोका वेगळाच. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू आहे, जेवण कमी केलंय आणि चालणं वाढवलंय, असं तिन्ही जुळून आलं की शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, घाम येतो, सुचेनासं होतं. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा शुगर तपासा, मग काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला बोलवा. फिरायला जाताना खिशात साखरेची पुडी असू द्या. आणि आहार-व्यायाम बदलण्याआधीच डॉक्टरांना विचारा, डोस तेच कमी करतील. आपल्याकडे ‘गुळाचा चहा चालतो’ असा एक समज आहे. गूळ कोल्हापूरचा असला तरी शुगर वाढवतोच.

सुई न टोचता मनगटावर शुगर दाखवणारे बँड ऑनलाइन मिळतात. ते घेऊ नका. अमेरिकेच्या औषध नियामकानं फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांबद्दल लोकांना सावध केलं होतं. आम्ही असा माल ठेवतच नाही. बीपीसुद्धा दंडाला पट्टा बांधायच्या मशिनवरच मोजा. वजन उतरत गेलं की बीपीही उतरतं. उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली तर गोळीचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या.

शुगरमुळे तळपाय बधिर असतील तर चप्पल नको, मोजे आणि बूट घाला. नवरात्रात जोतिबाला अनवाणी जायचा नेम असेल, तर यंदा डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

गुडघेदुखीवाल्यांनी पन्हाळ्याचा चढ सोडून सपाटीवर चालावं. वजन १ किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोनं हलका होतो.

आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून घाई नको. ८० किलोच्या माणसानं ४ किलो उतरवले तरी शुगर-बीपीत फरक दिसू लागतो. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी अनशापोटी करा. हृदय कमजोर असणाऱ्यांनी मात्र डॉक्टर सांगतील तसं रोज करावं: दोन-तीन दिवसांत वजन एकदम २ किलो वाढलं तर ती चरबी नसते, अंगात पाणी साठलेलं असतं. लगेच डॉक्टरांना कळवा.

बँडवरच्या कॅलरीच्या आकड्यावर जाऊ नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ च्या तपासणीत सात बँडपैकी सगळ्यात बरा निघालेलासुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकला होता. तेव्हा ‘४०० जळाल्या’ म्हणून मिसळीबरोबर जादा पाव मागवायचा नाही.

पेसमेकर असेल तर बँड आणि त्याचा चुंबकाचा चार्जर छातीपासून १५ सेंटिमीटर लांब ठेवा. अंगातली चरबी दाखवणाऱ्या काट्यावर उभे राहू नका, तो शरीरातून हलका करंट सोडतो.

बँड आणि मोबाइल घेऊन दुकानात या. पावलांचं लक्ष्य बदलून, नको ते अलार्म बंद करून, अक्षरं मोठी करून देतो. त्याचे पैसे घेत नाही. पट्ट्याखाली पुरळ येत असेल तर रात्री बँड काढून ठेवा; तरीही थांबलं नाही तर कापडी पट्टा बसवून देऊ.