शिफारस प्रणाली

एखाद्या व्यक्तीला पुढे काय पाहायला, वाचायला किंवा ऐकायला आवडेल, याचा तिच्या आधीच्या वागण्यावरून अंदाज बांधणारी मशीन लर्निंगची पद्धत. विषयाचा गाभा एका तक्त्यात आहे : आडव्या ओळींत माणसे, उभ्या रकान्यांत चित्रपट किंवा गाणी आणि दोन्ही मिळतात त्या चौकटीत पसंतीचा आकडा. तक्ता जवळजवळ रिकामाच असतो. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये स्पर्धेसाठी खुल्या केलेल्या माहितीत सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षक, १७,७७० चित्रपट आणि १० कोटी मानांकने होती. तरी शंभरातली जेमतेम एक चौकट भरलेली होती. उरलेल्या चौकटींचा अंदाज करणे हेच खरे काम.

साधी वाट साम्याची. तुमच्याशी आवड जुळणाऱ्यांना जे भावले, ते तुम्हाला सुचवायचे. ही ‘सहयोगी गाळणी’ १९९२ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील टॅपेस्ट्री या ईमेल प्रणालीपासून या नावाने ओळखली जाऊ लागली. अ‍ॅमेझॉनने पुढे माणसांऐवजी वस्तूंमधले साम्य मोजले. ते गणित आधीच करून ठेवता येते.

आव्यूह-विघटन, म्हणजे हा मोठा तक्ता दोन लहान तक्त्यांच्या गुणाकारात मांडणे, त्याहून खोल जाते. प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक चित्रपटाला मोजक्या आकड्यांची एकेक यादी मिळते. समजा, प्रेक्षकाचे आकडे २ आणि −१, चित्रपटाचे १.५ आणि ०.५. जोडीजोडीने गुणून बेरीज केली की ३ − ०.५ = २.५, जुळणी चांगली. हे आकडे कोणी ठरवून देत नाही. भरलेल्या चौकटींवरची चूक कमी करत करत यंत्र ते स्वतः शिकते, आणि या पद्धतीचे सौंदर्य नेमके इथे आहे. नेटफ्लिक्सच्या त्या स्पर्धेत २००९ मध्ये १० लाख डॉलरचे बक्षीस जिंकणाऱ्या संघाच्या अनेक प्रारूपांच्या मिश्रणात तिचा मोठा वाटा होता.

नव्या चित्रपटाचा किंवा पुस्तकाचा रकाना मात्र कोरा असतो. तिथे विषय, भाषा, लेखक अशा आशयाच्या गुणांवर भिस्त ठेवावी लागते.

आज मानांकनाचे तारे देणारे थोडे. क्लिक आणि पाहण्याचा वेळ यांवरच बहुतेक शिक्षण चालते. इथे फार जपून राहायला हवे. न उघडलेली गोष्ट नावडती असेलच असे नाही, कदाचित ती दिसलीच नसेल. जे दाखवले त्यावरच क्लिक येतात, त्याच क्लिकवर यंत्र पुन्हा शिकते आणि आवडीचा परीघ आक्रसत जातो. म्हणून काही प्रणाली यादीतल्या थोड्या जागा खात्री नसलेल्या गोष्टींना मुद्दाम देतात.