चिमटा बदलला की सायकलचं वळणही बदलतं

चार इंची टायरची सायकल, म्हणजे फॅटबाइक, जुहूच्या वाळूत मजेत चालते. तीच पावसाळ्यात खड्ड्यांतून रोज चालवली की मनगटं ठणकायला लागतात. मग पुढचं चाक धरणारा कडक चिमटा (फोर्क) काढून सस्पेन्शनवाला टाकावासा वाटतो. दुकानात पहिला प्रश्न असतो, "बसेल का?" तो योग्यच आहे. साध्या सायकलच्या पुढच्या चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, १०० मिमी रुंद असतो, फॅटबाइकचा बहुधा १३५ किंवा १५० मिमी. चिमट्याची उभी नळी सरळ २८.६ मिमीची आहे की खाली रुंद होत जाणारी, तेही बघावं लागतं. पण माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न चिमट्याच्या उंचीचा आहे, आणि तो फारसा कुणी विचारत नाही.

हँडल ज्या तिरक्या रेषेभोवती फिरतं, ती रेषा मनानेच जमिनीपर्यंत वाढवा. टायर जिथे जमिनीला टेकतं, त्याच्या थोडी पुढे ती पोचते. या अंतराला ट्रेल म्हणतात. टेकण्याची जागा मागे राहिल्यामुळे, ट्रॉलीचं चाक जसं आपोआप ढकलण्याच्या दिशेला वळतं, तसं पुढचं चाक सरळ होऊ पाहतं.

आता जुन्यापेक्षा ४० मिमी उंच चिमटा लावला असं धरू. दोन चाकांच्या आसांत सुमारे ११०० मिमी अंतर असेल, तर सगळी फ्रेम जवळपास दोन अंशांनी मागे कलते. हँडलच्या नळीचा कोन ७० अंशांवरून ६८ वर येतो आणि बाकी मापं तीच राहिली तर ट्रेल ८० मिमीच्या आसपासचा ९५ च्या घरात जातो. मोकळ्या रस्त्यावर वेगात सायकल अधिक स्थिर वाटेल. पण दादरच्या गर्दीत चालण्याच्या वेगाने जाताना हँडल एकदा वळलं की आणखी वळायला बघेल. शहरात ही दुसरी बाजूच जास्त भोवते.

सगळं श्रेय ट्रेललाही देता येत नाही. १९७० साली डेव्हिड जोन्स यांनी पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं चाक लावून गिरकीचा, म्हणजे फिरत्या चाकाने भोवऱ्यासारखा तोल धरण्याचा, परिणाम जवळजवळ पुसून टाकला, तरी सायकल चालवता आली. २०११ मध्ये कॉर्नेल आणि डेल्फ्टच्या संशोधकांनी तर गिरकीचा परिणाम नसलेली आणि ट्रेल किंचित उलटा (टेकण्याची जागा रेषेच्या पुढे) असलेली सायकल स्वतःहून तोल सावरते हे दाखवलं. वजन कुठे आणि किती उंचीवर आहे, यालाही महत्त्व असतं. उंच चिमट्याने नेमकं तेही बदलतं: सीट मागे कलते, पेडल वर जातं.

म्हणून जुन्या चिमट्याची आसापासून फ्रेमखालच्या रिंगपर्यंतची लांबी मोजूनच दुकानात जा. सस्पेन्शन स्वाराच्या वजनाने थोडं दबतं. १०० मिमीचा चिमटा साधारण २० ते २५ मिमी खाली बसतो, तेवढं वजा करून तुलना करा.

बसवताना ती रिंग नव्या चिमट्यावर चारी बाजूंनी टेकलेली हवी. एका बाजूला केसभर फट राहिली तरी बेअरिंग लवकर जातं. मुंबईच्या खाऱ्या हवेत पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे भिडतात तिथे गंज झपाट्याने धरतो, त्यामुळे ग्रीस लावताना हात आखडता घेऊ नका. हँडलवरच्या टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढण्यापुरता आवळायचा. चिमटा धरून ठेवतात ते स्टेमचे (हँडल आणि चिमटा जोडणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट, ते त्यानंतर. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि बेअरिंगच्या वाटीच्या सांध्यावर बोट ठेवा. कटकट जाणवली तर ढिलाई अजून शिल्लक आहे.

शेवटची तपासणी टाळू नका. सस्पेन्शनमधली सगळी हवा सोडून चिमटा पूर्ण दाबा. टायर वरच्या आडव्या भागाला टेकत असेल, तर तो चिमटा परत करा. खड्ड्यात तो असाच दबला तर चाक जागीच अडकेल आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जाईल.